लॅबच्या मीटिंगमध्ये कुणी बोलतच नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोन वर्षांपूर्वी विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलात, मायक्रोबायोलॉजीची लॅब, चार पीएचडी स्कॉलर, त्यातली एक साताऱ्याकडे कॉलेजात शिकवते आणि पार्टटाइम करतेय, एक प्रोजेक्ट असिस्टंट, दोन एमएस्सी डिझर्टेशनची मुलं. दर शनिवारी दहाला मीटिंग सुरू होते ती एक-दीडपर्यंत चालते, सगळे एकेक करून पीपीटी दाखवतात, तुम्ही सोडून कुणी तोंडातून ब्र काढत नाही, आणि शुक्रवार दुपारपासून लॅबमध्ये कामच होत नाही कारण सगळे स्लाइड बनवत बसलेले असतात. मग ही मीटिंग ठेवायची का, ठेवायची तर किती वेळा आणि कशी.

मी पुण्यात बरीच वर्षं लॅब चालवतेय, माझे स्कॉलर आता स्वतः गाइड झालेत, आणि नव्याने लॅब सुरू करणाऱ्यांकडून हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मीटिंग ठेवायचीच. फक्त तुमच्या शनिवारच्या मीटिंगमध्ये चार वेगवेगळी कामं एकाच पोत्यात भरलीयत. एक म्हणजे आठवड्याचा हिशोब, कुणी किती काम केलं. दुसरं, आलेल्या डेटावर विचार. तिसरं लॅबचा संसार, म्हणजे ऑटोक्लेव्ह कुणी बिघडवला, पेट्री प्लेट संपल्या, खरेदीचं इंडेंट (मागणीपत्र) कुठे अडकलं. आणि चौथं, गाइड म्हणून तुम्ही मुलांना जे शिकवता ते. या चारही कामांना लागणारी हवा वेगळी असते. हिशोब द्यायला बसलेला माणूस स्वतःला सांभाळून बसतो, आणि डेटावर मोकळेपणी विचार करायचा तर सांभाळून बसून चालत नाही. तुमची मुलं गप्प बसतात त्याचं कारण लाजाळूपणा नाहीये हो, सगळ्यांदेखत हिशोब चाललेला असताना आपण दुसऱ्याच्या कामात खुसपट काढलं तर पुढच्या वीस मिनिटांनी आपली पाळी आहे हे त्यांना चांगलं कळतं. म्हणून सगळे एकमेकांना सांभाळून घेतात आणि तुमची री ओढतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे हिशोब त्या खोलीतून बाहेर काढा. तो प्रत्येकाशी वेगळा, एकट्याने. पहिल्या वर्षाच्या स्कॉलरला दर आठवड्याला अर्धा तास, पुढच्यांना पंधरा दिवसांनी पाऊण तास, डिझर्टेशनवाल्यांना दर आठवड्याला वीस मिनिटं कारण त्यांच्याकडे सहा महिनेसुद्धा धड नसतात. वार आणि वेळ ठरलेली, "वेळ मिळाला की ये" असं नाही. वेळ मिळाला की ये म्हटलं की जो धीट आहे तो रोज येतो आणि ज्याला खरी गरज आहे तो महिनाभर दाराशी येऊन परत जातो.

या एकट्याच्या भेटीच्या आदल्या रात्री त्याने अर्धं पान लिहून पाठवायचं, स्लाइड नाही. मागच्या वेळी काय ठरलं होतं, काय केलं, काय आलं, घोडं कुठे अडलंय, आणि तुमच्याकडून काय हवंय. शेवटची ओळ फार महत्त्वाची. सुरुवातीला मुलं तिथे काहीच लिहीत नाहीत, मग हळूहळू येतं, की एचपीएलसी मशीनचा स्लॉट मिळवून द्या, मॅन्युस्क्रिप्टचा दुसरा ड्राफ्ट तुमच्याकडे पडून आहे तो वाचा, फेलोशिपचं कन्टिन्युएशन सर्टिफिकेट सही करून द्या. आपल्याकडे फेलोशिप महिनोन्महिने अडकते हे तुम्हालाही माहितीय, जेआरएफचे, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचे, ३७,००० कागदावर असतात पण खात्यात येईपर्यंत मुलगा मेसचे पैसे कुठून भरतो हे तो सगळ्यांसमोर सांगणार नाही, एकट्यात सांगेल. घरचं काही असेल, तब्येत असेल, लग्नाचं प्रेशर असेल, तेही इथेच कळतं. आणि कामाचा आळस असेल तर तोही इथेच बोलायचा, दार लावून, स्पष्ट.

हिशोब बाहेर गेला की मग ग्रुप मीटिंग मोकळी होते. तिच्यासाठी माझा नियम एकच आहे, एका मीटिंगला एकच बोलणारा. तास ते सव्वा तास, त्यापुढे एक मिनिट नाही. तुम्ही सात जण आहात म्हणजे प्रत्येकाची पाळी साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी येईल, आणि तेवढ्यात खरोखर काहीतरी सांगण्यासारखं जमतं. दर आठवड्याला प्रत्येकाने काहीतरी दाखवायचं म्हटलं तर मुलं दाखवण्यापुरतं काम करतात, दोन दिवसांत जमेल असा छोटा प्रयोग निवडतात आणि तीन आठवडे लागणारा पण खरा प्रयोग मागे ढकलतात. पूर्ण सेमिस्टरचा तक्ता सुरुवातीलाच करून भिंतीवर लावा. पाळी बदलायची असेल तर त्यांनी आपापसांत बदलावी, तुम्हाला फक्त कळवायचं.

आता काय दाखवायचं. इथे माझं मत जरा कडक आहे. ग्रुप मीटिंगमध्ये अडलेलं काम आणायचं, झालेलं नाही. जमलेला ग्राफ बघून सात जण माना डोलावणार आणि त्यात सात जणांचा तास जाणार, त्याचा उपयोग काय? कच्चे आकडे आणा, डीएनए किंवा प्रोटीन तपासायचा फसलेला जेल आणा, कन्ट्रोल चालला नाही ती प्लेट आणा. पहिल्या स्लाइडवर एका वाक्यात प्रश्न, की मला नेमकं काय कळत नाहीये. रिव्ह्यू ऑफ लिटरेचर नको, "इंट्रोडक्शन"च्या आठ स्लाइड नकोत, सगळ्यांना माहितीय तो कशावर काम करतो ते.

एक उदाहरण सांगते म्हणजे कळेल. माझ्याकडे एक मुलगी बायोफिल्मवर, म्हणजे जिवाणूंच्या चिकट थरावर, काम करत होती, वनस्पतीचा अर्क वाढत्या डोसमध्ये टाकायचा आणि ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये क्रिस्टल व्हायोलेटच्या रंगाने बायोफिल्म किती उरली ते मोजायचं. तिने बार ग्राफ दाखवला, एरर बार छान छोटे, मधल्या डोसला किंचित फरक आणि सगळ्यात मोठ्या डोसला एकदम मोठी घट. बघताना सगळ्यांनाच बरं वाटलं. तेवढ्यात डिझर्टेशन करणारा एक मुलगा, जो त्याच आठवड्यात स्वतः प्लेटा लावत होता, म्हणाला, "ताई, बार राहू दे, अख्खी प्लेट दाखव ना, रीडरमधून जशी आली तशी." तिने एक्सेल उघडलं. पहिल्या कॉलममध्ये नुसतं मीडियम, दुसऱ्यात बिनअर्काचा कन्ट्रोल, तिसऱ्यापासून डोस वाढत वाढत बाराव्या कॉलममध्ये सगळ्यात मोठा. आणि नीट बघितलं तर वरची ए रांग आणि खालची एच रांग, दोन्हींतले आकडे प्रत्येक कॉलममध्ये कमी, अगदी कन्ट्रोलमध्येसुद्धा. म्हणजे प्लेटच्या कडेच्या वेलमधलं पाणी ३७ डिग्रीला रात्रभरात उडतंय, तिथली वाढ वेगळी होतेय, आणि सगळ्यात मोठा डोस नेमका कडेच्याच कॉलममध्ये बसलाय. ९६ पैकी ३६ वेल कडेच्या असतात, थोड्याथोडक्या नाहीत. मग तिथल्या तिथे ठरलं की कडेच्या ३६ मध्ये नुसतं निर्जंतुक पाणी भरायचं, आतल्या ६० वापरायच्या, डोस क्रमाने न लावता विस्कटून लावायचे, इन्क्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे ठेवायचा. परत केलं तेव्हा अर्काचा परिणाम होताच, पण बराच कमी. तो खरा आकडा पेपरमध्ये गेला.

आता विचार करा, ही मुलगी जर हिशोबाच्या मीटिंगला उभी असती तर तिने तो बार ग्राफच दाखवला असता, मी "गुड" म्हटलं असतं, आणि पुढचे सहा महिने त्या खोट्या घटीच्या मागे मेकॅनिझम शोधण्यात गेले असते. आणि तो डिझर्टेशनवाला? तो त्या खोलीतला सगळ्यात ज्युनिअर. पण प्लेटा त्याच्या हाताखालून जात होत्या म्हणून त्याला दिसलं. माझ्या हाताखालून प्लेटा जाऊन जमाना झाला.

यातूनच पुढचा मुद्दा येतो आणि तुमच्यासाठी तो सगळ्यात अवघड असणार आहे. गाइडने शेवटी बोलायचं. आपल्याकडे सर किंवा मॅडम एकदा बोलले की विषय संपला, त्यांच्या मताच्या पलीकडे कुणी जात नाही, हे आपण शाळेपासून अंगी बाणवून आलोय, ते एका दिवसात जाणार नाही. म्हणून बोलण्याचा क्रमच उलटा लावा. बोलणाऱ्याने दहा-बारा मिनिटं मांडलं की थांबायचं. मग दोन मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने कागदावर एक प्रश्न लिहायचा, तुम्हीसुद्धा. मग डिझर्टेशनवाल्यांपासून सुरू करून वर वर जात प्रत्येकाने आपला प्रश्न वाचायचा, तुम्ही सगळ्यात शेवटी. लिहिलेलं वाचायचं असतं म्हणून भीड कमी होते, आणि आधीच लिहून झालेलं असल्यामुळे "माझा पण तोच प्रश्न होता" म्हणून सुटता येत नाही. पहिले दोन-तीन आठवडे प्रश्न साधे येतील, "स्ट्रेन कुठून आणला" वगैरे, येऊ दे. साध्या प्रश्नांना कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. आणि तुमची जागा बदला, टेबलाच्या टोकाला बसू नका, मध्ये कुठेतरी बसा. बोलणारा माणूस तुमच्याकडे बघून बोलतो, तुम्ही टोकाला असलात की बाकीच्यांकडे त्याची पाठ होते.

भाषेचं पण बघा. आपल्याकडे नांदेड, लातूर, धुळ्याकडून आलेली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली कितीतरी हुशार मुलं इंग्रजीत बोलायचं म्हटलं की अर्धी होतात. डोक्यात विचार पूर्ण असतो, तोंडातून तीन शब्द येतात, आणि आपल्याला वाटतं याला विषयच कळला नाही. माझ्या ग्रुपमध्ये स्लाइड इंग्रजीत असतात आणि चर्चा ज्याला जशी जमेल तशी, मराठी, हिंदी, इंग्रजी, मिसळून. पण ग्रुपमध्ये एक जरी मुलगा केरळचा किंवा आसामचा असेल तर चर्चा त्याला कळेल अशाच भाषेत, नाहीतर तो तासभर नुसता बसून राहतो आणि हळूहळू लॅबमध्येच एकटा पडतो. मी एकाला शेजारी बसून भाषांतर करायला लावायचा प्रयोग केला होता, ते जमत नाही, दोघांचंही लक्ष जातं. सोपं इंग्रजी आणि सोपी हिंदी, एवढं पुरतं. आरएसीसमोर, म्हणजे स्कॉलरची प्रगती बघणाऱ्या कमिटीसमोर, इंग्रजीतच बोलायचं आहे हे खरं, पण त्याची तालीम वेगळी करता येते, त्यासाठी विचार करायची जागा कशाला घालवायची.

मीटिंगमध्ये असं खरोखर काही घडतं का, की ही आपली समजूत, असं कुणी विचारलं तर केव्हिन डनबार या मानसशास्त्रज्ञाचं काम सांगते. त्याने १९९० च्या दशकात मॉलिक्युलर बायोलॉजीच्या चांगल्या लॅबमध्ये ठाण मांडून त्यांच्या आठवड्याच्या मीटिंगा टेप केल्या आणि शब्द न् शब्द तपासला. त्याला दिसलं की अपेक्षेबाहेरचे निकाल सगळ्यांनाच सारखे येत असतात, आणि त्यांचा अर्थ लागतो तो बऱ्याचदा बेंचवर एकट्याने बसून नाही तर मीटिंगमध्ये दुसऱ्याने प्रश्न विचारल्यावर. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते, दोन लॅबमध्ये एकच अडचण आली, प्रोटीन फिल्टरला चिकटून बसायचं. एका लॅबमध्ये सगळे एकाच विषयाचे पक्के जाणकार होते, त्यांना तो गुंता सोडवायला काही आठवडे लागले. दुसऱ्या लॅबमध्ये वेगवेगळ्या विषयांतून आलेले लोक होते, त्यांची अडचण मीटिंगमध्ये बसल्या बसल्या सुटली. म्हणून तुमच्या प्रोजेक्ट असिस्टंटला मीटिंगला बसवाच. बऱ्याच लॅबमध्ये त्याला "तू जा, मीडिया बनव" म्हणून बाहेर ठेवतात. मीडिया तो बनवतो, पाणी कुठल्या डिस्टिलेशन युनिटचं वापरलं ते त्याला माहिती असतं, लॉट नंबर त्याच्या वहीत असतात.

रागवण्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण हे मी दुसऱ्यांच्या लॅबमध्ये जवळून बघितलंय. सगळ्यांसमोर मुलाचा अपमान केला तर तो सुधारत नाही, तो पुढच्या वेळी वाईट डेटा आणत नाही. एवढंच होतं. आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फटकून असलेला आकडा, गुपचूप गळतो, तीन रिपीटमधले दोनच दाखवले जातात, फसलेला ब्लॉट लॅब नोटबुकमध्येच येत नाही. आणि मग कधीतरी पेपर छापून झाल्यावर पुढच्या मुलाला तो प्रयोग रिपीट होत नाही तेव्हा ते सगळं बाहेर येतं. संशोधनातल्या गैरप्रकारांची सुरुवात बऱ्याचदा लबाडीतून होत नाही, भीतीतून होते. त्यामुळे "तिचे बघ दोन पेपर झाले, तुझं काय" हे वाक्य मीटिंगमध्ये कधीच नाही. "ही एरर एवढी का आलीय, चला शोधू" हे चालतं. आणि कुणी स्वतःहून सांगितलं की मागच्या महिन्यातला माझा डेटा चुकलाय, डायल्यूशन फॅक्टर उलटा धरला होता, तर त्याचे आभार माना, सगळ्यांसमोर. तो माणूस तुमच्या लॅबचं नाव वाचवतोय.

आता वार आणि वेळ. शनिवार सोडा. हॉस्टेलची मुलं शनिवारी घरी जाऊ शकतात, त्यांना जाऊ द्या. सोमवार सकाळ नको, कारण मग रविवार जातो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट नाहीतर पाणी बंद असण्याची शक्यता जास्त, ते आधी बघून घ्या. संध्याकाळी पाचनंतर ठेवू नका, मुलींच्या हॉस्टेलची वेळ, पीएमपीची बस, मुंबईत असाल तर लोकलची गर्दी, शेवटचा अर्धा तास सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. आणि प्रयोगांची वेळ विचारा, ज्याचा ग्रोथ कर्व्ह, म्हणजे जिवाणूंच्या वाढीचं मोजमाप, चालू असतो त्याला सकाळी दर अर्ध्या तासाने ओडी (कल्चरचा गढूळपणा) घ्यायची असते, त्याला अकराला बोलावलंत तर त्याचा दिवस गेला. आमच्याकडे बुधवार दुपार तीन असं ठरलंय आणि तेच बरं पडतं. एकदा ठरलं की मात्र हलवायचं नाही. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचं बुधवारचं कलोक्वियम (सगळ्यांसाठीचं व्याख्यान) बघा, तिथल्या कुणालाही विचारा, बुधवारी दुपारी काय असतं हे कॅलेंडर न बघता सांगेल, त्या वेळेला दुसरं काही लावायचं कुणाच्या मनातच येत नाही. तुम्ही परीक्षेच्या कामाला किंवा बोर्ड ऑफ स्टडीजला गेलात तरी मीटिंग व्हायला हवी, सीनिअर स्कॉलरने चालवावी. तुमच्याशिवाय मीटिंग होत नसेल तर ती अजून तुमचीच मीटिंग आहे, ग्रुपची झालेली नाही.

टिपणं. प्रत्येक वेळी एकाने लिहायचं, बोलणाऱ्याने नाही. चर्चा उतरवायची नाही, फक्त काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. सगळ्यांना उघडेल अशा एकाच गूगल डॉकमध्ये, नवीन तारीख वर. पुढच्या मीटिंगची पहिली पाच मिनिटं तेच वाचायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त "आज तीनला" एवढंच, तिथे प्रोटोकॉल आणि निर्णय टाकले की गुड मॉर्निंग आणि वाढदिवसांत ते वाहून जातात, आणि सहा महिन्यांनी "मॅम, मी पाठवलं होतं" सुरू होतं.

आणि टिपणात एक गोष्ट आठवणीने लिहायची, कल्पना कुणाची. वरच्या उदाहरणात आम्ही तारखेसकट लिहून ठेवलंय की कडेच्या वेलचं त्या डिझर्टेशनवाल्याने दाखवलं. मुलं मीटिंगमध्ये बोलत नाहीत याचं एक कारण हेही असतं की आपली आयडिया दुसरा उचलेल, विशेषतः दोघांचे विषय जवळजवळचे असतील तर. लिहिलेलं असलं की हातचं राखून बोलायची गरज राहत नाही. पेपरवर नाव कुणाचं, आभारात कुणाचं, हे पेपर लिहायला घेतानाच बोलून ठेवा, सबमिट करायच्या आदल्या दिवशी नको.

लॅबचा संसार सोमवारी, साडेदहाला, उभ्याउभ्या, पंधरा-वीस मिनिटं. व्हाइटबोर्डसमोर. या आठवड्यात ऑटोक्लेव्ह कुणाला कधी, शेकर कुणाकडे, सिलिंडर किती उरलाय, मायनस ऐंशीच्या फ्रीझरचा अलार्म का वाजला, कुठली ऑर्डर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर अडकलीय, कुठल्या कोटेशनची मुदत संपतेय. यावर चर्चा नाही, नावं लिहायची आणि कामाला लागायचं. जानेवारी लागला की यात ग्रँटचा खर्च पण घ्या, ३१ मार्चच्या आधी बिलं लागली नाहीत तर युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या (ग्रँट खर्चाच्या दाखल्याच्या) वेळी सगळ्यांच्याच गळ्याशी येतं, आणि केमिकल यायला दीड महिना लागतो हे नव्या मुलांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

जर्नल क्लब, म्हणजे छापून आलेल्या पेपरवरची चर्चा, वेगळा, पंधरा दिवसांनी एकदा. जर्नल क्लबची सुरुवात सांगताना विल्यम ऑस्लर या डॉक्टरचं नाव घेतात, त्याने १८७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिलमध्ये सुरू केला, आणि कारण अगदी व्यवहाराचं होतं, एकेकट्याला जर्नलं परवडत नव्हती म्हणून मिळून घ्यायची आणि वाचायची. आपल्याकडे आत्ताआत्तापर्यंत राज्य विद्यापीठांची तीच रड होती. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून ३० प्रकाशकांची १३,००० च्या आसपास जर्नलं सरकारी संस्थांना खुली झालीयत, तेव्हा लायब्ररीत जाऊन लॉगिन घ्या, पेपर मिळत नाही ही सबब आता चालू देऊ नका. पण पूर्ण पेपर पंचेचाळीस स्लाइडमध्ये वाचून दाखवणं बंद करा. एक पेपर, सगळ्यांनी वाचून यायचं, आणि फक्त एक आकृती घ्यायची. त्यांनी हा प्रयोग का केला, कन्ट्रोल कुठले, आपण असतो तर आणखी कुठला लावला असता, आकृतीतून जेवढं निघतं तेवढंच त्यांनी म्हटलंय का. पाऊण तास पुरतो.

आणि माझं ठाम मत आहे की जर्नल क्लबला तुम्ही जाऊच नका, निदान दर वेळी नाही. मुलांनाच चालवू द्या. केंब्रिजमध्ये पीटर कापित्झा या भौतिकशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये असाच एक क्लब सुरू केला, तेव्हा तो स्वतः तरुण संशोधक होता. खडू-फळा, मध्येच अडवून प्रश्न विचारायची पूर्ण मुभा, अर्धवट कामसुद्धा मांडायचं. १९३२ च्या फेब्रुवारीत न्यूट्रॉन शोधणाऱ्या जेम्स चॅडविकने त्या शोधाबद्दल याच मंडळींसमोर सांगितलं. तरुणांना आपली जागा मिळाली की ते एकमेकांना प्रश्न विचारायला शिकतात, आणि तीच सवय मग बुधवारच्या मीटिंगमध्ये येते.

सहामाही आरएसी प्रेझेंटेशन यात बसवून टाका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला स्कॉलरने रिसर्च ॲडव्हायजरी कमिटीसमोर प्रगती मांडायचीच असते. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याची पाळी येईल असा तक्ता लावा. त्या दिवशी मात्र नियम उलटे, पूर्ण इंग्रजी, नीट स्लाइड, घड्याळ लावून, आणि बाकीच्यांनी कमिटीसारखे प्रश्न विचारायचे. बाहेरचा मेंबर नेहमी काय विचारतो हे सीनिअरना पाठ असतं, ते ज्युनिअरला फार उपयोगी पडतं.

तुमची साताऱ्याची पार्टटाइम स्कॉलर. आपल्याकडे अशा खूप जणी असतात, दिवसभर लेक्चर, प्रॅक्टिकल, घर, आणि मग पीएचडी, आणि लॅबमध्ये त्यांना पाहुण्यासारखं वागवलं जातं. बुधवारी तिची लेक्चर असणार, तर तिला दर आठवड्याला ऑनलाइन या म्हणून सांगू नका, कॉलेजच्या स्टाफरूममधून कान लावून ऐकणं म्हणजे ऐकणं नाही. तिच्यासाठी महिन्यातला एक शनिवार ठेवा, पहिला किंवा तिसरा, तिची सुट्टी बघून. तिची एकट्याची भेट, तिचे प्रयोग, आणि ज्याला जमेल त्याने थांबायचं. बाकीच्या आठवड्यांत तिने टिपणं वाचून डॉकमध्ये निदान एक प्रश्न टाकायचा आणि बुधवारी कुणीतरी तो वाचायचा, ज्युनिअरांच्या ओळीत, तुमच्या आधी. तिची पाळी आली की तो तास त्या शनिवारी घ्या.

हे सगळं एकदम सुरू करू नका, मुलं गांगरतील आणि तुम्हीही दमाल. येत्या आठवड्यात शनिवारची मीटिंग थांबवा आणि फक्त एकट्याच्या भेटी लावा, तीन-चार आठवडे तेवढंच. त्यात प्रत्येकाला विचारा की ग्रुपसमोर अडलेलं असं काय आणशील. मग सोमवारचं सुरू करा, ते सोपं आहे. बुधवारची पहिली पाळी सीनिअरला देऊ नका आणि ज्युनिअरलाही नको, पहिली पाळी तुम्ही घ्या. तुमचं स्वतःचं अडलेलं काहीतरी आणा, ग्रँट प्रपोजलमधला जमत नसलेला उद्देश, रिव्ह्यूअरने झोडपलेला पेपर, त्याचे शेरे जसेच्या तसे पडद्यावर लावा आणि मुलांना प्रश्न लिहायला सांगा. दोन मिनिटं शांत बसा, आणि डिझर्टेशनवाल्याने पहिला प्रश्न वाचला की लगेच उत्तर द्यायला जाऊ नका, आधी सगळ्यांचे वाचून होऊ देत.